निळी खळ

पुस्तक खातात, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी समजलं. तोवर तीस वर्षं मी पुस्तकंच बांधत होतो. लोक पुस्तकं वाचतात, फाडतात, रद्दीत घालतात, त्यावर चहाचे कप ठेवतात, हे सगळं पाहिलेलं होतं. पण दीड वर्षाचं लेकरू पुस्तक हातात आलं की आधी तोंडात घालतं, आणि ते घालणारच हे धरून पुस्तक बनवायचं असतं, ही अक्कल फार उशिरा आली. आली तीही अर्धवट.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "घाडगे, प्रेसमधल्या गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, लोकांना हसू द्या." गमती माझ्याकडं पोत्यानं आहेत. बापाच्या तेराव्याच्या कार्डाला सोनेरी कडा मागणारे एक गृहस्थ होते. का, तर "म्हाताऱ्याला झगमगाट लई आवडायचा." एका कवीनं स्वतःच्या पुस्तकाच्या तीनशे प्रती घरी नेल्या आणि आठ दिवसांनी परत आणून दिल्या. म्हणाला, जिन्याखाली जागा नाही, तुमच्याकडंच राहू देत. अशा गोष्टी सांगून मी आजवर पुष्कळ चहा फुकट प्यायलोय. या वेळी दुसरंच लिहितोय. संपादकांना नको असलं तर त्यांनी खुशाल परत पाठवावं.

आमचा प्रेस सोलापुरातला. नाव घेत नाही. वरच्या मजल्यावर ऑफिस, मधे छपाई, आणि खाली तळघरात बाइंडिंग. मी बाइंडिंगचा सुपरवायझर. बाहेरच्या माणसाला वाटतं की छापलं म्हणजे पुस्तक झालं. अहो, छापलेला कागद म्हणजे नुसता कागद. घडी घाला, घड्यांचे फॉर्म क्रमानं लावा, शिवा, खळ लावा, पुठ्ठा चढवा, दाबाखाली ठेवा, कापा, तेव्हा कुठं त्याला पुस्तक म्हणायचं. यातलं एकही काम करणाऱ्याचं नाव पुस्तकावर येत नाही, आणि चुकलं तर मात्र नाव पहिलं त्याचंच निघतं.

खळ म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि हात न थांबवता ढवळायचा. गुठळी झाली की कामातून गेली. उतरवताना त्यात मोरचूद घालायचं. मोरचूद म्हणजे ते निळे खडे, चुन्यात मिसळून डाळिंबाच्या बागेवर फवारतात ते. विष आहे. विष आहे म्हणूनच घालायचं. नुसत्या मैद्याला कसर लागते, झुरळं लागतात, उंदीर तर पंगतीला बसतात. मोरचूद पडलं की खळ फिकट निळी होते आणि वर्षानुवर्षं तिला कुणी तोंड लावत नाही. शाळांची हजेरीबुकं, कचेऱ्यांची रजिस्टरं, वाचनालयांची जुनी पुस्तकं आम्ही याच निळ्या खळीत बांधली.

ही खळ करायच्या नरसूबाई. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या. नवरा यंत्रमागावर होता, तो लवकर गेला. माहेर-सासर दोन्हीकडं सुताला खळ द्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या, त्यामुळं हाताला अंदाज जन्माचाच. आमच्याकडं त्या सव्वीस वर्षं होत्या. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, तरी मला साहेब म्हणायच्या. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण पान उलटं लागलेलं माझ्याआधी त्यांना दिसायचं. "माज्या खळीला उंदीर लागला आसं झालं न्हाई कवा," असं त्या अधूनमधून सुनवायच्या, कमरेवर हात ठेवून. आणि ते खरं होतं.

तर एक दिवस एका संस्थेच्या मॅडम आल्या. त्यांना अगदी लहान लेकरांसाठी पुस्तक काढायचं होतं. बारा पानं, बारा प्राणी, आणि प्रत्येक चित्राखाली चार भाषांत त्याचं नाव. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. सोलापुरातलं लेकरू घरात एक बोली ऐकतं, शेजारी दुसरी आणि अंगणवाडीत तिसरी, तर त्याला सगळ्याच ओळखीच्या वाटाव्यात, अशी त्यांची कल्पना. मालक म्हणाले, "ज्याला बोलता येत नाही त्याला चार-चार भाषा कशाला?" मला मात्र ते काम बघताक्षणी आवडलं. का, ते सांगता येत नाही. तीस वर्षं रजिस्टरं बांधून माणूस कंटाळतो, एवढं म्हणा.

हे पुस्तक साध्या पुस्तकासारखं नसतं. एकेक पान जाड पुठ्ठ्याचं. पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना छापलेला कागद चिकटवायचा, वरून वार्निश, आणि कोपरे गोल कापायचे, डोळ्यात जाऊ नयेत म्हणून. त्यात शिलाई नाही, पिन नाही. सगळं पुस्तक चिकटवण्यावर उभं. मॅडमनी पहिल्याच भेटीत बजावलं, "बाळं हे चावणार, चोखणार. केमिकलचा गोंद अजिबात चालणार नाही."

मी छाती काढून म्हणालो, "मॅडम, काळजीच सोडा. आमच्याकडं मैद्याची खळ असते. नुसता मैदा आणि पाणी. खाल्लं तरी चालेल असं पुस्तक करून देतो."

मोरचूद घालायचं नाही, हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढं कुणी मला अडाणी समजून माफ करू नये.

शब्द गोळा करायचं काम मी स्वतःकडं घेतलं. रविवारी उठायचं आणि निघायचं. शब्दकोशातून उचलायचे नाहीत, घरात बसून विचारायचं, "तुम्ही घरात याला काय म्हणता?" अक्कलकोटकडच्या एका घरात सासू गाईला एक म्हणे आणि सून दुसरंच, दोघींचं कन्नडमधून जे जुंपलं ते मी चहा संपेपर्यंत ऐकत बसलो. उर्दूसाठी एक निवृत्त मास्तर गाठले. त्यांची एकच अट, उर्दूची ओळ सगळ्यात वर पाहिजे. त्यांना सांगितलं, मग बाकीचे तिघं मला शहरात राहू देणार नाहीत. ते हसले आणि बारा नावं मोत्यांसारख्या अक्षरात लिहून दिली. तेलुगू नावं नरसूबाईंनी सांगितली. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता. मांजर म्हणजे पिल्ली, कुत्रं म्हणजे कुक्का, उंदीर म्हणजे एलुका. मी कागदावर लिहून घेतलं की त्या विचारायच्या, "आता ह्ये छापनार व्हय? माजं बोललेलं?" आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. हे कुणासाठी छापायचंय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

चित्रं मॅडमनी बाहेरून काढून आणली होती. ती घेऊन सांगोल्याला गेलो. रानात एक मेंढपाळ आजोबा भेटले. त्यांना मेंढीचं चित्र दाखवलं. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, गळ्यात घंटा.

"ह्ये काय हाय?" ते म्हणाले.

"मेंढी."

"कुटली?"

"पुस्तकातली."

"मग ऱ्हाऊ द्या की पुस्तकातच. आमचं मेंढरू काळं आसतंय, नाक हे आसं बाकदार, कान खाली लोंबत्यात. आनी आंगावर एवढी लोकर आसती तर मी ह्या फाटक्या घोंगड्यात कशाला बसलो आसतो?"

मी भांडून ते चित्र बदलून घेतलं. आमच्या पुस्तकात मेंढी काळी आली. त्या मेंढीचा मला फार अभिमान होता.

नमुन्याच्या सहा प्रती मी घरीच केल्या. बायकोनं चुलीवर, म्हणजे गॅसवर, नुसत्या मैद्याची खळ करून दिली. एक प्रत घेऊन मॅडमपुढं गेलो आणि त्यांच्यादेखत कोपरा तोंडात घालून कराकरा चावला. मॅडम हसून बेजार झाल्या. मालकही हसले. काम पक्कं झालं. उरलेल्या पाच प्रती मी गोदामातल्या फळीवर ठेवल्या, आणि आठव्या दिवशी बघतो तर उंदरांनी त्यांचा भुगा केलेला.

मालकांनी सगळ्यांपुढं माझी हजेरी घेतली. "घाडगे, ही पुस्तकं अंगणवाडीच्या कपाटात राहणार. तिथं उंदीर नसतात होय? उद्या मॅडमनी हे बघितलं तर माझ्या तोंडाला काळं. कसले सुपरवायझर तुम्ही?" छपाईवरची माणसं मान खाली घालून हसत होती. तसाच जिना उतरलो आणि तळघरात जाऊन नरसूबाईंवर फुटलो.

"नरसूबाई, ही बघ पुस्तकं! उंदरांनी खाल्ली."

त्यांनी एक प्रत उचलून कडेला नख लावलं. "ही खळ माजी न्हाई, साहेब."

"तुझी असो नाहीतर कुणाची. उद्यापासून माल बांधायला घ्यायचाय. उंदरानं तोंड लावता कामा नये, एवढंच मला कळतं. समजलं?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना एकेरीत बोललो होतो. त्यांनी प्रत खाली ठेवली. मग म्हणाल्या, "न्हाई लावनार."

त्या वेळी मला नेमकं काय म्हणायचं होतं, याचा मी नंतर खूप विचार केला. प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पत्र्याच्या पेटीत ठेवा, असं काहीतरी म्हणायचं होतं, अशी मी स्वतःची समजूत घालून बघितली. खरं म्हणजे काहीच म्हणायचं नव्हतं. वर खाल्लेल्या शिव्या खाली ओतायच्या होत्या, त्या ओतल्या. आमच्या धंद्यात शिव्या जिन्यानं खालीच जातात.

आणि गंमत बघा. हे पुस्तक लेकरं तोंडात घालणार, हे मी मॅडमना सांगितलं, मालकांना सांगितलं, बायकोला सांगितलं, सांगोल्याच्या रानातल्या त्या म्हाताऱ्यालासुद्धा सांगितलं. जी बाई भांड्यापुढं बसून खळ ढवळणार होती तिला सांगायचं मला सुचलंच नाही. पोरांचं पुस्तक म्हणजे शाळेतलं पुस्तक, एवढंच त्यांना माहीत. अंगावर पिणाऱ्या लेकराला कुणी पुस्तक देईल, हे त्यांच्या घरात कधी घडलं नव्हतं. माझ्याही घरात घडलं नव्हतं. सव्वीस वर्षांत उंदीर लागला नाही असं नाव असलेल्या बाईला मी उंदरावरून बोललो होतो. तिनं तिच्या हिशेबानं चोख काम केलं. नेहमीपेक्षा मूठभर जास्तच घातलं असेल.

काम पाच दिवस चाललं. मी रोज दोनदा खाली जात होतो. भांड्यात डोकावत होतो. खळ निळी होती. मी ती पाहिली. या दोन डोळ्यांनी पाहिली. तीस वर्षं ती निळीच पाहत आलो होतो, त्यामुळं त्यात बघण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. ती पांढरी असती तर मी थबकलो असतो, विचारलं असतं. उलट एकदा बोटावर घेऊन म्हणालो, "झकास झालीय." आदल्या भांडणावर पांघरूण घालायचं होतं म्हणून म्हणालो. नरसूबाई हसल्या नाहीत.

पुस्तकं कुंभारीला गेली, सांगोल्याला गेली. केमला मी मागून घेतली. केम माझं गाव. आपण केलेलं एक पुस्तक आपल्या गावच्या अंगणवाडीत असावं, अशी हौस. पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी केमच्या अंगणवाडीताईंचा फोन आला.

"दादा, तुमच्या पुस्तकात काय घातलंय वो? दत्तू अण्णांची नात कडेनं कुरतडत बसली हुती. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. व्हटाला निळं लागलंय. कुर्डुवाडीला नेलंय तिला."

निळं म्हटलं आणि मला सगळं कळलं. एकदम. भांडं, पळी, बोटावरची ती खळ. मिळेल त्या गाडीनं मी कुर्डुवाडी गाठली. दत्तू माझ्या शाळेतला. दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. "नातीनं पुस्तक खाल्लं म्हनलं तर डॉक्टर माज्याकडंच बगाय लागला," म्हणाला. मी आत जाऊन डॉक्टरांना सरळ सांगितलं, मोरचूद आहे, इतकं असेल, एवढ्या खळीत. तेवढ्या एका ठिकाणी मी माणसासारखा वागलो. डॉक्टर म्हणाले, पोटात फार गेलेलं नाही, बरंचसं उलटीतून पडलंय. पोरीला सलाईन लावलं. मी दाराशी उभा राहून त्या चिमुकल्या पोटाचं खाली-वर होणं बघत होतो. दुपार अशी गेली की शत्रूवरही येऊ नये. पाच वाजता पोरगी उठून बसली, बिस्कीट मागायला लागली, आणि डॉक्टर म्हणाले, न्या घरी. दत्तूनं माझा खांदा धरला. "रडतोस काय लेका? तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

मी तिथूनच मालकांना फोन केला. मुलगी ठणठणीत आहे, घरी सोडलंय. मालक म्हणाले, "सुटलो बुवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम यायच्या होत्या. त्या यायच्या आत मालकांनी नरसूबाईंना वर बोलावून घेतलं. सव्वीस वर्षांत त्या ऑफिसात आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. हात पुसत आल्या, दाराशी चपला काढल्या.

"खळीत मोरचूद घातलं होतं?" मालक.

"व्हय. घालतोच की नेहमी."

"ते पुस्तक तान्ह्या लेकरांचं होतं. केमच्या एका पोरीनं चावलं. दवाखान्यात पडलीय. वाचते की नाही सांगता येत नाही. पोलीस आले तर काय सांगू मी?"

मी दचकून मालकांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हाच मला उमगलं की हे कशासाठी चाललंय. बाईनं आरडाओरडा करू नये, सव्वीस वर्षांचं काही मागू नये, भिऊन आपल्या पायानं निघून जावं. आणि मी गप्प बसलो.

नरसूबाई मटकन खाली फरशीवर बसल्या. "खाल्लं? पुस्तक खाल्लं?" असं दोनदा म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "साहेब, लेकरं खानार म्हून तुमी सांगितलं न्हाई मला. उंदीर नको म्हनलात."

मालक म्हणाले, "काय घाडगे? तुम्ही काय सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "मोरचूद घाल, असं मी म्हटलं नव्हतं."

एक अक्षर खोटं नव्हतं. इतकं तोलून-मापून खरं मी जन्मात दुसरं बोललो नाही, आणि त्याच्याइतकं हलकट काही केलं नाही. नरसूबाईंनी क्षणभर वाट पाहिली. मी पुढं आणखी काही बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मग त्या जमिनीला हात टेकून उठल्या, "खळ माजीच हुती," एवढं म्हणाल्या आणि चपला हातात घेऊन जिना उतरून गेल्या. पुन्हा प्रेसमध्ये आल्या नाहीत. तासाभरानं मॅडम आल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, मुलगी कशी आहे? मी ताबडतोब सांगितलं, "एकदम छान. कालच घरी आली." मॅडमना सांगताना माझी जीभ कशी भराभर चालली!

पुढचे आठ दिवस टेम्पो घेऊन मी पुस्तकं परत गोळा करत फिरलो. मालकांची सक्त ताकीद होती, मोरचुदाचं नाव काढायचं नाही, छपाईत चूक झाली म्हणून सांगायचं. कुंभारीत एका पोरानं पुस्तक पोटाशी धरून ठेवलं, त्याच्या आईनं एकेक बोट सोडवून ते मला दिलं. त्याच्या रडण्याचा आवाज टेम्पोपर्यंत येत होता. सांगोल्याच्या एका वस्तीवर एक आजी हटूनच बसल्या.

"चूक कुटं हाय, दाखीव की मला."

काय दाखवणार? सगळी पानं उलटून बघितल्यासारखं केलं.

"ह्येच्यात आमचं मेंढरू हाय," आजी म्हणाल्या. "नातू त्येच्यावर बोट ठिवून ब्यँ करतोय. दिलेलं परत नेतंय का कोन?"

मी म्हणालो, "नवीन आणून देतो." आणि ओढून घेतलं. नवीन त्यांना कधीच मिळालं नाही. परत आलेली सगळी पुस्तकं आम्ही खड्डा करून पुरली. जाळली तर धूर विषारी, आणि रद्दीत घातली तर पुन्हा कुणाच्या तरी हाती लागायची.

मॅडमनी पुढं तेच पुस्तक बाहेर, मशीनवर करून घेतलं. चांगलं झालंय. मेंढी काळीच आहे. शेवटच्या पानावर, शब्द गोळा करणारा म्हणून माझं नाव छापलंय. बारा तेलुगू शब्द सांगणारीचं नाव छापा म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती कोण, कुठं असते, असं विचारलं असतं. मी आणखी चार वर्षं नोकरी केली. शाल मिळाली, नारळ मिळाला, निष्ठावान म्हणून भाषणंही झाली. नरसूबाईंना सोलापुरातल्या दुसऱ्या कुठल्या बाइंडिंगवाल्यानं दारात उभं केलं नाही. मोरचूदवाली बाई म्हणून नाव पसरलं होतं. ज्यांनी ते पसरवलं त्यांच्याही भांड्यात खळ निळीच होती.

हा लेख इथवर लिहिला आणि पेन अडलं. तिची गोष्ट तिला न विचारता कशी छापायची? माफी मागावी, परवानगी मागावी, आणि मग लेख पुरा करावा, असा बेत करून मी गेल्या महिन्यात दुपारचा पूर्व भागात गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. घर तेच होतं. नरसूबाई उंबऱ्याच्या आत बसून विड्या वळत होत्या, मांडीवर सूप, हातात कात्री. केस पार पांढरे झालेले. मला ओळखलं. "बसा," म्हणाल्या. सुनेनं पाणी आणून दिलं.

मी सगळं बोललो. पाठ केल्यासारखं. चूक तुमची नव्हती, मी ओरडलो होतो, मी सांगायला हवं होतं, खळ निळी आहे हे मी पाहिलं होतं, ऑफिसात मी बोलायला हवं होतं. त्या पान कापत ऐकत होत्या.

"ते म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. जरा वेळानं कात्री थांबली. "साहेब, एक इचारू? ती पोरगी कुटल्या दिवशी गेली?"

मला प्रश्नच समजला नाही.

"तित्थी कुनी सांगितली न्हाई मला. कुनाला इचारू? म्हून मी आमुशा धरली. दर आमुशाला एक पान बाजूला काढते तिच्या नावानं. दूधभात. नाव बी म्हाईत न्हाई, केमची पोर म्हनते."

मी म्हणालो, "नरसूबाई, ती गेली नाही. जिवंत आहे. त्याच दिवशी पाच वाजता घरी आली. आता पहिलीत जाते."

त्यांनी सूप खाली ठेवलं. वळून सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मला तेलुगूचे बाराच शब्द येतात, सगळे जनावरांचे. त्यातला एकही त्यात नव्हता. सुनेनं तोंडावर हात ठेवला आणि आत निघून गेली.

"तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. मी तिथंच होतो."

"मग हापिसात मला बोलिवलं, तवा म्हाईत हुतं?"

"होय."

"मी जिना उतरले, तवा बी?"

"होय."

लेख छापू का, हे विचारायला मी गेलो होतो. ते विचारायचं धाडस झालं नाही. न विचारताच छापायला दिलाय.

मी उठलो, चपला घातल्या. तेव्हा नरसूबाई म्हणाल्या, आणि आवाज चढवून नाही, साध्या आवाजात म्हणाल्या, "पाच वरसं, साहेब. जित्या पोरीला मी मेलेल्याचं पान वाढलं. तुमी वाढाय लावलात."